रणगाड्याचा दम

जपानमधल्या शिझुओका शहरातल्या तामिया कंपनीनं १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला जर्मन ‘पँथर’ रणगाड्याचं प्लॅस्टिकचं मॉडेल बाजारात आणलं. मोटर लावून चालवता येणारं हे मॉडेल हातोहात खपलं. त्याच मापात आणखी रणगाडे काढायचं ठरलं, तेव्हा शुनसाकू तामिया यांनी पँथर मोजून पाहिला. मूळ रणगाड्याच्या तो साधारण एक-पस्तीसांश भरला. हे प्रमाण कुणी आधी ठरवलेलं नव्हतं. आत दोन सेल मावले पाहिजेत, एवढ्याच विचारानं गाड्याचा आकार ठरला होता. पुढं हे माप इतकं रुळलं, की आज जगभर लष्करी मॉडेलांसाठी १/३५ हेच सर्वांत प्रचलित माप आहे. ज्यांच्यात मोटर नाही, सेलही नाही, जी आयुष्यभर काचेच्या कपाटातच राहायची, ती मॉडेलंसुद्धा त्या दोन सेलांच्या मापानंच निघतात.

चालणाऱ्या रणगाड्यांच्या छंदात बॅटरीला हा मान पहिल्यापासून आहे. दुकानात मात्र आपण तो देत नाही. टरेट किती फिरतं, तोफ मागं सरकते का, धूर निघतो का, पट्टे प्लॅस्टिकचे की धातूचे, एवढं सगळं बारकाईनं विचारतो. बॅटरी खोक्यातून येईल ती आपली, आणि संपली की तसलीच दुसरी. या लेखात मला सांगायचं आहे ते याच्या अगदी उलट. रणगाडा कसा चालणार, त्यातला इलेक्ट्रॉनिक बोर्ड किती वर्षं टिकणार आणि हा छंद घरात निर्धास्तपणे करता येणार का, या तिन्ही प्रश्नांची उत्तरं बॅटरीपाशी आहेत. आणि रणगाड्याला लागणारी बॅटरी वेगाची नसते, दमाची असते.

गाडी वेगळी, रणगाडा वेगळा

रिमोटवरच्या रणगाड्यांमध्ये सध्या सर्वांत लोकप्रिय माप आहे १/१६. तामियाचे महागडे संच, चीनच्या हेंग लाँगचे आवाक्यातले गाडे, टायगेनचे धातूचे गाडे, सगळे याच मापात. यातला सर्वांचा लाडका म्हणजे जर्मन ‘टायगर’. खरा टायगर ५७ टनांचा, आणि तोफेच्या टोकापर्यंत लांबी ८.४५ मीटर. सोळानं भागलं की ५३ सेंटिमीटर होतात. वजनाचा हिशेब मात्र घनाचा, म्हणजे ४०९६ नं भागायचं. १४ किलो येतात. धातूचे पट्टे, धातूची चाकं घातली तरी मॉडेल त्याच्या निम्म्याच्या आसपास राहतं.

आता वेग पाहा. खरा टायगर चांगल्या रस्त्यावर ताशी ४० किलोमीटरच्या आसपास जायचा. मापात बसवायचा तर मॉडेलनं ताशी अडीच किलोमीटर जायला हवं, म्हणजे संध्याकाळी रमतगमत फिरणाऱ्या माणसाहूनही हळू. रेसिंग गाडीची बॅटरी ज्या गुणांवर विकली जाते, तो झटका आणि तो सुसाट वेग, इथं कामाचा नाही. सात-आठ किलोचं धूड मुंगीच्या पावलानं, पण न अडखळता पुढं सरकलं पाहिजे.

रणगाड्याची खरी परीक्षा वळताना होते. त्याला गाडीसारखी वळणारी पुढची चाकं नसतात. मॉडेलमध्ये दोन मोटरी असतात, सहसा ३८० मापाच्या, आणि एकेका पट्ट्याला एकेक. वळायचं तर एक पट्टा थांबवायचा नाहीतर उलटा फिरवायचा. अशा वेळी दोन्ही पट्टे जमिनीवर आडवे फरफटत जातात. टायगरचे लढाईतले पट्टे ७२५ मिलिमीटर रुंद होते, मॉडेलवर ते ४५ मिलिमीटर येतात. एवढा रुंद पट्टा सतरंजीवर आडवा ओढायला लागणारं सगळं बळ दोन चिमुकल्या मोटरी मागतात, आणि मागतात ते बॅटरीकडं. अहिल्यानगरला आर्मर्ड कोअर सेंटरचं रणगाडा संग्रहालय १९९४ पासून आहे. तिथं पॅटन किंवा विजयंताच्या पट्ट्याशेजारी उभं राहून पाहिलं, की वळणं हे रणगाड्यासाठी किती अवजड काम आहे ते लगेच ध्यानात येतं.

हे आकड्यांत बघायला मिळालं ते पुण्यात, एका निवृत्त विद्युत अभियंत्यांच्या घरी. हॉलमधलं टीपॉय बाजूला सारून त्यांनी अर्ध्या खोलीत जाड गालिचा पसरला होता, अर्धी फरशी मोकळी ठेवली होती. टायगरचं वरचं झाकण काढून बॅटरी आणि बोर्ड यांच्या मध्ये त्यांनी वॉटमीटर जोडला. त्याच्या पडद्यावर व्होल्ट आणि अँपिअर एकाच वेळी दिसतात.

“काका, सरळ गालिच्यावरच घ्या ना,” मी म्हटलं.

“आधी फरशी. तुलना कशाशी करणार मग? तुम्ही आकडे लिहून घ्या.”

फरशीवर सरळ जाताना आकडा दोन अँपिअरच्या आगेमागे होता. फरशीवरच जागच्या जागी वळला, तर दुप्पट. मग गाडा गालिच्यावर चढला. काकांनी रिमोटच्या दोन्ही काड्या विरुद्ध दिशांना ढकलल्या. आकडा आठापर्यंत उडाला, सात व्होल्ट दाखवणारा मीटर सहाच्या खाली गेला, आणि गाडा थबकला. क्षणभर शांतता, आणि मग स्पीकरमधून स्टार्टरचा घरघराट आणि इंजीन नव्यानं सुरू झाल्याचा आवाज.

“ऐकलंत? नवीन मुलं यालाच फसतात. वाटतं, रिमोट बिघडला, नाहीतर बोर्ड गेला. काही बिघडलेलं नाही. व्होल्टेज पडलं, बोर्ड बंद झाला आणि परत चालू झाला. पॅक दमलाय.”

तो सहा सेलांचा जुना निकेल पॅक होता. तो काढून त्यांनी दोन सेलांचा नवा लिथियम पॅक लावला. त्याच गालिच्यावर तेच वळण घेतलं. अँपिअर तेवढेच उडाले, व्होल्टेज मात्र जेमतेम अर्ध्या व्होल्टनं उतरलं, आणि टायगर थांबला नाही.

दोन्ही पॅक नुकतेच चार्ज केलेले होते. फरक होता तो त्यांच्या अंतर्गत रोधात. प्रत्येक सेल स्वतःही थोडा विरोध करतो, आणि वय वाढतं तसा हा विरोध वाढत जातो. समजा, जुन्या पॅकचा एकूण रोध ०.१५ ओहम आहे. आठ अँपिअर ओढले, की १.२ व्होल्ट पॅकच्या आतच खर्ची पडतात आणि त्यांची उष्णता होते. सात व्होल्टचा पॅक बोर्डाला सहाच्या खाली देतो. ओझं नसताना पॅकचे व्होल्ट मोजायला गेलात तर काहीच कळणार नाही. बॅटरीचा दम तपासायचा तो ओझ्याखालीच.

सेलांची घराणी

निकेल-कॅडमियमचा सेल स्वीडनच्या वाल्डेमार युंगनर यांनी १८९९ मध्ये बनवला. रिमोटच्या छंदाच्या सुरुवातीच्या काळात गाड्या, बोटी, रणगाडे, सगळ्यांचा भार याच सेलांनी वाहिला. ते दणकट होते, पण कॅडमियम विषारी. शिवाय दर वेळी अर्धवट वापरून पुन्हा भरले, की त्यांची क्षमता घटल्यासारखी होते. १९८० च्या दशकाच्या अखेरीस निकेल मेटल हायड्राइड सेल बाजारात आले आणि त्यांनी ही जागा घेतली. एका सेलचे १.२ व्होल्ट, असे सहा सेल ओळीनं जोडले की ७.२. शेजारी शेजारी तीन-तीन सेल मांडून बांधलेला हा लांबट पॅक छंदाच्या जगात प्रमाण ठरला. तामियाचे मोठे टायगर, शेर्मन याच पॅकसाठी जागा ठेवून बनवलेले आहेत.

निकेलचा मोठा गुण म्हणजे तो सोशिक आहे. एखाद्या वेळी जास्त उतरला, कपाटात महिनोन्महिने पडून राहिला, तरी सहसा पुन्हा उभा राहतो. पेट घेण्याचा धोका लिथियमच्या मानानं फारच कमी. दोष दोन. ओझ्याखाली त्याचं व्होल्टेज लवकर पडतं, आणि नुसता ठेवला तरी तो आपोआप उतरत जातो. साधा निकेल पॅक दिवाळीत भरून ठेवला आणि संक्रांतीला काढला, तर बराच रिकामा सापडेल. सान्योनं २००५ मध्ये ‘एनेलूप’ आणले तेव्हापासून हळू उतरणारे निकेल सेलही मिळतात. रिमोटमध्ये घालायला ते उत्तम.

लिथियम-आयन सेल सोनीनं १९९१ मध्ये बाजारात आणले. या सेलांच्या पायाभूत कामासाठी जॉन गुडइनफ, स्टॅनली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांना २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. एका सेलचे सरासरी ३.७ व्होल्ट, पूर्ण भरल्यावर ४.२. दोन सेल ओळीनं जोडले की ७.४ व्होल्ट, पूर्ण भरल्यावर ८.४. छंदातली मंडळी याला ‘टू-एस’ म्हणतात. ताजा भरलेला सहा सेलांचा निकेल पॅकही सुरुवातीला साडेआठ व्होल्टच्या आसपासच असतो. त्यामुळं ७.२ व्होल्टसाठी बनवलेले बहुतेक बोर्ड टू-एस पॅक सुखानं चालवतात.

लिथियम दोन वेशांत येतं. एक म्हणजे १८६५० नावाचा गोल नळकांडी सेल. १८ मिलिमीटर व्यास आणि ६५ मिलिमीटर लांबी, हेच त्याच्या नावात लिहिलेलं आहे. हेंग लाँगच्या अलीकडच्या गाड्यांत खोक्यातून येणारा पॅक याच जातीचा, क्षमता बेताची. दुसरा म्हणजे लिपो, चपट्या पाकिटातला. वजनाला हलका, अंतर्गत रोध कमी, ओझ्याखाली ताठ. पण पाकीट मऊ असतं, टोकदार काही लागलं तर फाटतं. म्हणून रणगाड्यासाठी घ्यायचा तर टणक प्लॅस्टिकच्या कवचातलाच लिपो घ्यावा. गाड्याच्या पोटात स्क्रूची टोकं, धातूच्या कडा आणि फिरते गिअर यांचाच शेजार असतो.

तिसरं एक घराणं आहे, आणि त्याच्याकडं आपण पुरेसं लक्ष देत नाही असं मला मनापासून वाटतं. ते म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट. टेक्सास विद्यापीठात गुडइनफ यांच्याच प्रयोगशाळेतून १९९० च्या दशकात हे रसायन पुढं आलं. सेलचे ३.२ व्होल्ट, दोन सेलांचे ६.४, पूर्ण भरल्यावर साधारण ७.२. गाडा टू-एस लिपोपेक्षा थोडा संथ चालतो, आणि रणगाड्याला हे शोभूनच दिसतं. व्होल्टेज शेवटपर्यंत जवळजवळ सपाट राहतं, पुन्हा पुन्हा भरण्याचं आयुष्य मोठं, आणि तापून भडकण्याची शक्यता लिपोपेक्षा बरीच कमी. ज्या घरात लहान मुलं आहेत आणि छंद हॉलमध्येच चालतो, त्या घरानं याचा विचार आधी करावा. एवढंच पाहायचं, की आपला बोर्ड साडेसहा व्होल्टवर नीट चालतो ना.

एक-षष्ठांश मापाचे अवाढव्य रणगाडेही असतात. ते एकट्या माणसाला उचलतही नाहीत. तिथं आजही शिशाच्या आम्लाच्या बंद बॅटऱ्या चालतात. हा सेल गास्तों प्लांते यांनी १८५९ मध्ये शोधला. जड असणं हा त्याचा दोष त्या गाड्यांत गुण ठरतो.

पॅकवरचं लिहिलेलं वाचताना

पॅकवर तीन आकडे असतात. पहिला व्होल्टचा. तो बोर्डाच्या पुस्तिकेत दिला आहे तोच घ्यायचा, याला पर्याय नाही. तीन सेलांचा ११.१ व्होल्टचा पॅक लावला की गाडा जोरात पळतो, हे खरं. पण तो पूर्ण भरल्यावर १२.६ व्होल्ट देतो. ७.२ साठीच्या बोर्डावरचे भाग त्यात जळू शकतात आणि प्लॅस्टिकच्या गिअरचे दात झिजतात. काही प्रगत बोर्ड तीन सेल घेतात, पण तसं पुस्तिकेत छापलेलं असेल तरच. ताकद कमी वाटली तर व्होल्ट वाढवू नयेत. वेग जास्त घटवणारा धातूचा गिअरबॉक्स बसवावा. त्यानं मोटरवरचं ओझं कमी होतं आणि चालही रुबाबदार होते.

दुसरा आकडा क्षमतेचा, मिलिअँपिअर-तासांत. तिसऱ्या आकड्यापुढं ‘सी’ लिहिलेलं असतं. तो पॅक किती झपाट्यानं रिकामा करता येईल ते सांगतो. गच्चीवरच्या टाकीत पाणी किती आहे, हे झालं मिलिअँपिअर-तास. खालचा नळ किती मोठा आहे, हे झालं ‘सी’.

हिशेब सोपा आहे. ५००० मिलिअँपिअर-तासांच्या लिपोतले ८० टक्केच वापरायचे असतात, म्हणजे ४०००. गाडा सरासरी अडीच अँपिअर खात असेल तर दीड तासाच्या वर खेळ होतो. खोक्यातला १८०० चा पॅक याच हिशेबानं ३५ मिनिटांत संपतो. धुराचं यंत्र लावलं की वेळ आणखी घटतो, कारण त्यातली तार सतत तापत ठेवावी लागते. धूर हौसेनं सोडावा, पण बॅटरीचा हिशेब करताना तो विसरू नये.

‘सी’चा हिशेब याहून डोळे उघडणारा. ५००० चा पॅक आणि ३० सी म्हणजे १५० अँपिअर. आपला टायगर गालिच्यावर आठ अँपिअर मागत होता, अडला तरी त्याच्या दुप्पट-तिप्पट. १८०० चा १५ सीचा पॅकसुद्धा कागदावर २७ अँपिअर देतो. म्हणून १०० सी छापलेल्या पॅकसाठी रणगाडेवाल्यानं जादा पैसे मोजायची काही गरज नाही. शिवाय या आकड्याला सर्वमान्य मोजमाप नाही. कंपनी ठरवेल तो आकडा. ते पैसे चांगल्या चार्जरवर घालावेत.

आणि एक कळकळीची सूचना. ९९०० मिलिअँपिअर-तास छापलेले १८६५० सेल स्वस्तात मिळतात. त्या आकाराच्या डब्यात आजच्या तंत्रानं साधारण ३५०० च्या आसपासच क्षमता मावते. ९९०० हा आकडा शुद्ध थाप आहे. जुन्या लॅपटॉपांतले सेल काढून, वर नवं प्लॅस्टिक चढवूनही विकले जातात. ९९०० छापलेला खोटा सेल बहुधा वजनाला हलका लागतो. मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो की पुण्याची तपकीर गल्ली, तिथं इमानदार दुकानदार पुष्कळ आहेत. त्यांना रणगाड्याचं काम सांगा, पॅकची तारीख विचारा, आणि न फुगलेला पॅक हातात घेऊन, बघूनच घ्या.

जागा, तारा आणि पिन

पॅक मागवण्याआधी पट्टी घेऊन गाड्याचं पोट मोजावं. सहा सेलांच्या लांबट पॅकला साधारण १३५ मिलिमीटर लांबी, ४५ रुंदी आणि २३ उंची लागते. टायगर आतून प्रशस्त चौकोनी आहे. टी-३४ रणगाड्याच्या बाजू तिरक्या, त्यामुळं वरून जागा दिसते पण टणक कोपऱ्यांचा पॅक बसत नाही. स्पीकर, गोळ्या मारणारा गिअरबॉक्स, धुराची डबी, सगळे त्याच जागेसाठी भांडतात. पॅक घट्ट बसावा पण दाबला जाऊ नये. खाली पातळ फोम आणि वरून वेल्क्रोचा पट्टा. चढावर गाडा मागं ओढला जात असेल तर पॅक थोडा पुढं सरकवून पाहावा. पाव किलोचं ते वजन पुढं गेलं, की पट्ट्यांची पकड बदललेली लगेच कळते.

मग पिन. पांढरी चौकोनी तामिया पिन या छंदात सर्वत्र आढळते. ती साधारण पंधरा अँपिअरपर्यंतची. नवी असताना ठीक, पण वर्षानुवर्षं काढून-घालून आतली नळी सैल होते. सैल जोड तापतो, तापला की प्लॅस्टिक मऊ पडतं. खेळ संपल्यावर पिनला बोट लावून पाहावं. कोमट असेल तर ठीक. चटका बसत असेल तर पिन बदलायची वेळ झाली. पिवळी एक्सटी-६० पिन यासाठी सर्वांत सोयीची. ती उलटी बसतच नाही.

पिन बदलताना काकांनी जी शिस्त दाखवली ती इथं नोंदवतो, कारण ती कुठल्याच पुस्तिकेत ठळक लिहिलेली नसते. पॅकच्या दोन्ही तारा एकदम कधीच कापायच्या नाहीत. कात्रीचं पातं दोन्ही तारांना एकदम टेकलं की शॉर्ट. आधी काळी तार कापायची, साल काढायची, नव्या पिनेला सोल्डर करायची, तिच्यावर आकसणारी नळी चढवायची. एवढं झाल्यावरच लाल तारेला हात लावायचा. शेवटी मल्टीमीटर लावून धन-ऋण तपासायचं. तारेच्या रंगावर विसंबून बोर्ड जाळणारे पुष्कळ आहेत. एका तारेत दहा अँपिअरचा फ्यूज टाकला, तर पट्ट्यात दोरा किंवा काडी अडकून मोटर जाम झाली, तरी किरकोळ किमतीचा फ्यूज जातो आणि महागडा बोर्ड वाचतो.

भरणं, उतरवणं, ठेवणं

बॅटरीचं आयुष्य रणगाड्यात जेवढं झिजतं, त्याहून जास्त चार्जरवर आणि कपाटात झिजतं. स्वस्त निकेल पॅकसोबत येणारा भिंतीवरचा चार्जर पॅक भरल्यावरही वीज ढकलतच राहतो, कारण थांबायचं कधी हे त्याला कळत नाही. निकेल पूर्ण भरला की त्याचं व्होल्टेज किंचित खाली येतं. ही खूण ओळखून थांबणारा चार्जर घ्यावा. लिथियमची रीत वेगळी. आधी ठरावीक प्रवाह द्यायचा, व्होल्टेज ४.२ ला पोचलं की ते तिथंच धरून प्रवाह हळूहळू कमी करायचा. म्हणून निकेलच्या चार्जरवर लिथियम कधीही लावू नये. दोन्ही जमणारा चार्जर असेल तर त्यावर योग्य जात निवडली आहे ना, हे दर वेळी पाहावं. आयर्न फॉस्फेटला तर ३.६५ च्या वर नेताच येत नाही, त्याचा पर्याय चार्जरवर वेगळा असतो.

भरण्याचा वेग क्षमतेएवढा ठेवावा. १८०० च्या पॅकला १.८ अँपिअर, ५००० च्या पॅकला ५. आणि मुख्य पिनेसोबत लिथियम पॅकची बारकी पांढरी समतोल-पिनही चार्जरला नेहमी जोडावी, म्हणजे दोन्ही सेल समसमान भरतात. एक सेल ४.३ वर आणि दुसरा ४.१ वर राहिला, तर एकूण बेरीज ८.४ च दिसते आणि संकट लपून राहतं.

उतरवण्याबाबत रणगाडेवाल्यानं विशेष सावध राहायला हवं. अनेक जुने बोर्ड निकेलच्या जमान्यातले आहेत. लिथियम कुठं थांबवायचा हे त्यांना ठाऊकच नाही. गाडा हळूहळू मंदावतो, आपण म्हणतो आणखी एक फेरी, आणि सेल तीन व्होल्टच्या खाली घसरतो. फार खाली गेला की सेलच्या आतल्या तांब्याच्या पत्र्याचं तांबं विरघळू लागतं. पुन्हा भरताना ते नको तिथं जमतं आणि आतल्या आत शॉर्ट होऊ शकतो. म्हणून मेलेला पॅक युक्तीनं जिवंत करायचा मोह टाळावा. उपाय स्वस्त आहे. बॅटरीच्या बारक्या पिनेत खोचायचा, बोटाएवढा इशारा देणारा भोंगा मिळतो. तो सेलमागं ३.५ व्होल्टवर लावून ठेवावा. तो वाजला की गाडा थांबवायचा. आणि रणगाडा बंद करून ठेवताना नुसता स्विच बंद करून भागत नाही, पॅकची पिन काढून ठेवावी. स्विच बंद असतानाही काही बोर्ड किंचित वीज पीत राहतात.

लिपो ठेवायचा तो अर्धवट भरलेला, सेलमागं ३.८ व्होल्टच्या आसपास. भरगच्च भरून आठवडेच्या आठवडे ठेवला की तो आतून म्हातारा होतो, फुगतो. रविवारी खेळायचं तर रविवारी सकाळी भरावा. पावसामुळं बेत रद्द झाला, तर चार्जरच्या साठवण पर्यायावर लावून खाली आणावा.

आपल्या हवेत हे नियम अधिकच कडकपणे पाळायला हवेत. नागपूर-चंद्रपूरकडं मे महिन्यात पारा ४५ अंशांना टेकतो, आणि लिथियम भरण्याची वरची मर्यादाही साधारण तीच. गच्चीवर खेळून आलेला गरम पॅक लगेच चार्जिंगला लावू नये. हाताला गार लागेपर्यंत थांबावं. बंद मोटारीत तर तो ठेवूच नये. कोकणात आणि मुंबईत शत्रू वेगळा. दमट हवेनं पिनांवर हिरवट थर चढतो, रोध वाढतो, आणि चांगला पॅकही दमल्यासारखा वागतो. पावसाळ्यात पॅक आणि रिमोट हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवावेत, आणि महिन्यातून एकदा पिना संपर्क साफ करायच्या फवाऱ्यानं पुसाव्यात.

फुगलेला पॅक हा शेवटचा इशारा असतो. टाचणी लावायची नाही, दाबायचा नाही, पुन्हा भरायचाही नाही. त्याच्या आतला द्रव ज्वलनशील आहे. चार्जिंग नेहमी टाइलवर किंवा जाड मातीच्या कुंडीत करावं, पडदे आणि गाद्यांपासून लांब, आणि आपण जागे व घरात असतानाच. रात्री लावून झोपणं हा नियम मोडायचा सर्वांत सामान्य प्रकार आहे, आणि सर्वांत धोक्याचाही.

टपाल, विमान आणि शेवटची वाट

परदेशातून रणगाडा मागवला की बहुधा तो बॅटरीशिवाय येतो. त्यामागं कारण आहे. प्रवासी विमानातून सुटे लिथियम-आयन सेल माल म्हणून पाठवायला १ एप्रिल २०१६ पासून बंदी आहे, आणि मालवाहू विमानातूनही ते ३० टक्क्यांहून जास्त भरलेले चालत नाहीत. त्यामुळं आपल्याकडचा रणगाडेवाला बॅटरीसाठी ड्रोन आणि रिमोट गाड्यांच्या देशी दुकानांवर अवलंबून आहे. तिथं टू-एस पॅक सहज मिळतात. स्वतः विमानानं न्यायचा तर सुटा पॅक हातातल्या सामानातच, टोकांवर चिकटपट्टी लावून. मर्यादा १०० वॉट-तासांची. आपला ७.४ व्होल्ट, ५००० चा पॅक भरतो ३७. तरी विमान कंपनीचे नियम आधी विचारून घ्यावेत.

आयुष्य संपलेला पॅक कचऱ्याच्या डब्यात टाकायचा नाही. कचरागाडीत तो चिरडला की तिथंच पेटू शकतो. आपल्याकडं २०२२ पासून बॅटरी कचरा व्यवस्थापनाचे नियम लागू आहेत. वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करून त्यांचा पुनर्वापर घडवून आणण्याची जबाबदारी त्यांनी उत्पादकांवर टाकली आहे. पॅक पूर्ण उतरवून, टोकं झाकून ई-कचरा संकलन केंद्रात द्यावा.

नव्यानं या छंदात येणाऱ्याला मी एकच क्रम सांगेन. आधी बोर्डाची पुस्तिका वाचा, मग पोटाची जागा मोजा, मग चार्जर घ्या, आणि या तिघांना साजेल असा पॅक सर्वांत शेवटी निवडा. मुलाच्या हातात द्यायचा असेल तर निकेल किंवा आयर्न फॉस्फेट. स्वतः शिस्तीनं भोंगा लावणार असाल, मोजून भरणार असाल, तर टणक कवचातला टू-एस लिपो. प्रत्येक पॅकवर खरेदीची तारीख लिहा आणि दर काही महिन्यांनी त्याचा अंतर्गत रोध चार्जरवर पाहून तिथंच टिपून ठेवा.

आज आपल्या घरोघरी लिथियम आहे. फोनमध्ये, लॅपटॉपमध्ये, जिन्याखाली उभ्या केलेल्या इलेक्ट्रिक स्कूटरमध्ये आहे. ते कसं भरावं, कुठं थांबवावं, केव्हा त्याच्यापासून दूर व्हावं, हे बहुतेकांना कुणी शिकवलेलं नाही. जो मुलगा आपल्या टायगरचा पॅक ३.५ व्होल्टला थांबवायला शिकतो, पिनेचा चटका ओळखतो, फुगलेला सेल बाजूला काढून ठेवतो, त्याला हे सगळं आपसूक येतं. म्हणून रणगाडे चालवणारे छंदिष्ट जिथं जिथं जमतात, तिथं पहिला अर्धा तास लढाईचा नसावा, बॅटरीचा असावा. टेबलावर मल्टीमीटर, वॉटमीटर, एक चांगला पॅक आणि एक फुगलेला पॅक ठेवावा, आणि मुलांना स्वतःच्या हातांनी मोजू द्यावं. जुन्याजाणत्या मंडळींनी ही जबाबदारी अंगावर घ्यावी, अशी माझी त्यांना विनंती आहे.